इनिटरामएफएसशिवाय ६.१२: एनव्हीएमई 'वाय' आहे, तरी डिस्क दिसत नाही

अर्धवट_बूट

लिनक्सचा ६.१२ कर्नल स्वतः बिल्ड करतोय, इनिटरामएफएसशिवाय (म्हणजे खरी डिस्क जोडण्याआधी मेमरीत उघडणारी छोटी तात्पुरती फाइलसिस्टिम न वापरता). एनव्हीएमई (एसएसडीचा ड्रायव्हर) आणि एक्स्ट४ (डिस्कवरची फाइलसिस्टिम), दोन्ही कर्नलच्या पोटात घातलेत. तरी स्क्रीनवर तेच: व्हीएफएसला (कर्नलचा फाइलसिस्टिम सांभाळणारा भाग) रूट फाइलसिस्टिम माउंट करता येत नाही, अननोन-ब्लॉक (०,०). मग कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकत बसतो आणि पॉवरचं बटण दाबून धरण्यावाचून इलाज उरत नाही.

मशीन: १२व्या पिढीचा इंटेल लॅपटॉप, अल्डर लेक-पी. एकच एनव्हीएमई एसएसडी, जीपीटी पार्टिशन टेबल, दुसऱ्या पार्टिशनवर एक्स्ट४ रूट. एन्क्रिप्शन नाही, एलव्हीएम नाही, रेडही (अनेक डिस्कची जोडणी) नाही. डिस्ट्रोचा कर्नल याच मशीनवर बिनतक्रार चालतो.

कॉन्फिग असं बनवलं: डिस्ट्रोचं बूट फोल्डरमधलं कॉन्फिग उचललं, मेक लोकलमॉडकॉन्फिग (लोड असलेली मॉड्यूलंच ठेवून बाकी छाटणारं) चालवलं, मग मेनूकॉन्फिगमध्ये जाऊन कॉन्फिग_बीएलके_डेव्ह_एनव्हीएमई आणि कॉन्फिग_एक्स्ट४_एफएस या दोघांना एमचं (डिस्कवरचं वेगळं मॉड्यूल) वाय (थेट कर्नलच्या आत) केलं. एनव्हीएमईच्या मदत-मजकुराचा सारांश असा, की पीसीआय किंवा पीसीआय एक्स्प्रेस बसला थेट जोडलेल्या एसएसडीसाठी हा ड्रायव्हर आहे. माझी तशीच आहे.

ग्रबमध्ये (बूटलोडर) रूट=यूयूआयडी देऊन पाहिलं, रूट=/डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी२ देऊनही पाहिलं. रूटवेट जोडलं तर पॅनिक येत नाही, पण 'रूट डिव्हाइसची वाट पाहतोय' या अर्थाच्या ओळीवर कायमचं थांबतं. पॅनिकच्या वर कर्नल उपलब्ध पार्टिशनांची यादी छापतो ना, ती यादी कोरी आहे. मथळा आहे, खाली एकही नाव नाही.

याच कॉन्फिगला इनिटरामएफएस बनवून दिलं की बूट होतं. म्हणून जास्तच चक्रावलोय. नेमकं काय वाय करायचं राहिलंय, हे कुठल्या कागदपत्रात लिहिलेलं असतं?

रात्रपाळी

इनिटरामएफएसने चालतंय तर इनिटरामएफएस वापरा की. सगळ्या डिस्ट्रो काय वेड्या आहेत म्हणून ते देतात?

अर्धवट_बूट

कारण आहे. ६.६ वर लॅपटॉप झोपेतून उठला की स्पीकर चालू असायचे, ६.१२ वर उठल्यानंतर मुके होतात. गिट बायसेक्ट करायचंय, म्हणजे मधल्या बदलांचे निम्मे-निम्मे भाग तपासत बिघडवणारा बदल शोधायचाय. ६.६ ते ६.१२ म्हणजे साधारण १७ फेऱ्या. प्रत्येक फेरीत डिस्ट्रोचं अख्खं कॉन्फिग बिल्ड करून वर इनिटरामएफएस बनवत बसायचं नाहीये. एकच फाइल हवी, ती ईएफआय पार्टिशनवर टाकली की झालं.

जुना_मेकफाईल

कारण पटलं. आणि माहितीही नीट दिलीत, 'चालत नाही, मदत करा' एवढंच लिहून गायब झाला नाहीत.

तुमच्या प्रश्नातल्या दोन गोष्टी सगळ्यात मोलाच्या. पहिली, पार्टिशनांची यादी कोरी आहे. म्हणजे रूटचं नाव चुकलंय, फाइलसिस्टिम ओळखू येत नाही, या सगळ्या शंका आत्ता बाजूला ठेवा. नुसतं नाव चुकलं असतं तर यादीत एनव्हीएमईची पार्टिशनं दिसली असती. कर्नलला डिस्क नावाचा प्रकारच सापडलेला नाही. दुसरी, इनिटरामएफएसने चालतं. म्हणजे हवा असलेला ड्रायव्हर तुम्ही बिल्ड केलेलाच आहे, फक्त तो मॉड्यूल म्हणून डिस्कवर बसलाय आणि त्या डिस्कपर्यंत पोचायला तोच लागतो.

डिस्ट्रोच्या कर्नलमध्ये शिरा आणि एलएसपीसीआय -एनएनके चालवा, पीसीआयवरची यंत्रं आणि त्यांचे ड्रायव्हर दिसतील. एनव्हीएमईशी किंवा रेडशी संबंध असलेल्या सगळ्या ओळी इथे द्या. पत्त्यासकट द्या, पत्ता कापू नका. लोक नेमका तोच कापतात.

अर्धवट_बूट

घ्या:

००००:००:०ई.० रेड बस कंट्रोलर: इंटेल व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस एनव्हीएमई रेड कंट्रोलर [८०८६:४६७एफ], वापरात असलेला ड्रायव्हर: व्हीएमडी

१००००:ई१:००.० नॉन-व्होलाटाइल मेमरी कंट्रोलर, वापरात असलेला ड्रायव्हर: एनव्हीएमई

रेड मी कधीच लावलेलं नाही. एकुलत्या एका डिस्कचं रेड कसलं?

जुना_मेकफाईल

दुसऱ्या ओळीचा पत्ता बघा. तुमच्या मशीनमधल्या इतर जवळजवळ सगळ्या यंत्रांचा पत्ता ०००० ने सुरू होत असेल, हिचा १०००० ने होतो. पहिला आकडा म्हणजे पीसीआय डोमेन. एसीपीआयकडून (फर्मवेअर कर्नलला हार्डवेअरची माहिती देतं ते तक्ते) येणारा डोमेन क्रमांक १६ बिटांचा, त्यामुळे तो एफएफएफएफच्या पुढे जाऊच शकत नाही. व्हीएमडीच्या ड्रायव्हरने टक्कर टाळायला मुद्दाम त्याच्या पुढचा पहिला क्रमांक धरला, म्हणजे हेक्साडेसिमलमधला १००००. सोर्समध्ये ड्रायव्हर्स/पीसीआय/कंट्रोलर/व्हीएमडी.सी उघडलीत तर टिप्पणीत हे स्वच्छ लिहिलेलं सापडेल. पाच आकडी डोमेन दिसला की डिस्क व्हीएमडीच्या आड आहे, हे मी आता पाठच करून टाकलंय.

हे व्हीएमडी म्हणजे काय, तर पीसीआयवरचा आणखी एक होस्ट ब्रिज. फर्मवेअरमध्ये ते चालू असलं की एसएसडी नेहमीच्या पीसीआय झाडावरून काढून घेतली जाते आणि व्हीएमडीच्या स्वतंत्र झाडावर टांगली जाते. कर्नलकडे व्हीएमडीचा ड्रायव्हर नसेल तर ते दुसरं झाड उभंच राहत नाही. मग एनव्हीएमईचा ड्रायव्हर पोटात असून उपयोग काय? त्याने पकडावं असं यंत्रच त्याच्यासमोर येत नाही. तक्रारही करत नाही बिचारा, कारण त्याच्या दृष्टीने काही चुकलेलंच नाही.

मुळात सर्व्हरसाठीची ही सोय. लिनक्सच्या कर्नलमध्ये ४.५ पासून, म्हणजे २०१६ पासून आहे. ११व्या पिढीपासून लॅपटॉपमध्येही आली आणि बऱ्याच मशीनवर कारखान्यातूनच चालू केलेली असते. एक डिस्क असो की चार, फरक पडत नाही.

तर कॉन्फिग_व्हीएमडी वाय करा. मेनूत ते डिव्हाइस ड्रायव्हर्स, पीसीआय सपोर्ट, पीसीआय कंट्रोलर ड्रायव्हर्स या वाटेने सापडतं. डिस्क शोधणारा माणूस त्या मेनूत कशाला जाईल, हा प्रश्न योग्यच आहे.

फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये व्हीएमडी बंद करायचाही मार्ग असतो, पण काही लॅपटॉपवर तो पर्याय दाखवतच नाहीत. आणि बाजूला विंडोज असेल तर आधी तिकडची तयारी केल्याशिवाय हात लावू नका, ते बूट व्हायचं थांबू शकतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, हे लिहिलंय कुठे. कॉन्फिग_व्हीएमडीच्या मदत-मजकुरात लिहिलंय! दुय्यम होस्ट ब्रिज, वेगळं डोमेन, जादा बस क्रमांक, सगळं बरोबर लिहिलंय. आणि शेवटी सल्ला: तुमच्या मशीनमध्ये हे आहे हे माहीत असेल तर वाय म्हणा, खात्री नसेल तर एन म्हणा. खात्री नसलेल्या माणसाची डिस्क जाते. एसएसडी किंवा लॅपटॉप हे शब्द त्या मजकुरात नाहीत.

मला राग येत नाही याचा, कारण तो मजकूर ड्रायव्हर लिहिणाऱ्याने लिहिलेला असतो. तो आपला ड्रायव्हर काय करतो ते सांगतो. तुमच्या टेबलावरच्या मशीनला काय लागतं, हे त्याला कुठून कळणार? म्हणून मी मदत-मजकूर वाचून ठरवणं केव्हाच सोडलं. उलटीकडून जायचं: चालणाऱ्या कर्नलवर यंत्र बघायचं, त्याला कोणता ड्रायव्हर चिकटलाय ते बघायचं, त्या ड्रायव्हरचं मॉड्यूल कोणत्या मेकफाईलमध्ये आहे ते गिट ग्रेपने शोधायचं, आणि त्या ओळीतलं कॉन्फिगचं नाव उचलायचं. व्हीएमडी.ओ शोधलंत तर कॉन्फिग_व्हीएमडी त्याच ओळीत समोर येतं. एक खाचखळगा सांगून ठेवतो: एलएसमॉड मॉड्यूलच्या नावात सगळीकडे अंडरस्कोर दाखवतो, मेकफाईलमध्ये बहुतेकदा डॅश असतो. त्यामुळे शोध रिकामा आला तर डॅश घालून बघा.

ड्रायव्हर चिकटलेलाच नसेल तर सिसएफएसमध्ये त्या यंत्राची मोडएलियास नावाची फाइल वाचा आणि तो मजकूर रिझॉल्व्ह-एलियास हा पर्याय वापरून मॉडप्रोबला द्या. कुठलं मॉड्यूल दावा सांगतंय ते तो सांगेल.

मेनूकॉन्फिगमधला तिरप्या रेघेचा शोध या कामाला फारसा येत नाही. तो कॉन्फिगची नावं धुंडाळतो, मदत-मजकूर नाही. तिथे 'टचपॅड' टाकून हवं ते सापडेल या आशेवर राहू नका.

अर्धवट_बूट

चाललं! व्हीएमडी वाय केलं आणि पार्टिशनं दिसली.

आता पुढचं रडगाणं. एकेक एम शोधत बसायला नको म्हणून या वेळी लोकलमॉडकॉन्फिगऐवजी लोकलयेसकॉन्फिग चालवलं, म्हणजे सुरू असलेली सगळी मॉड्यूलं थेट वाय. त्यानंतर हाताने थोडी छाटणी केली. स्थिती अशी:

रूट=/डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी२ दिलं तर बूट होतं. रूट=यूयूआयडी दिलं तर पुन्हा पॅनिक, पण या वेळी यादीत पार्टिशनं आहेत.

वायफाय नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) आयडब्ल्यूएलवायफायची (इंटेल वायफायचा ड्रायव्हर) फर्मवेअर फाइल लोड होत नाही, एरर -२. लिब/फर्मवेअरमध्ये जाऊन पाहिलं, फाइल तिथे आहे.

टचपॅड मेलेला आहे. डीमेसेजमध्ये टचपॅड हा शब्द शोधला, काहीच नाही. यूएसबी माउस चालतो.

रात्रपाळी

वायफायचं मी सांगतो, यात मी पुरता भाजून निघालोय.

एरर -२ म्हणजे फाइल सापडली नाही. ड्रायव्हर वाय केलात म्हणून तो रूट माउंट व्हायच्या आधीच जागा झाला आणि फर्मवेअर मागू लागला. त्या क्षणी लिब/फर्मवेअर कुठून असणार? डिस्कच अजून जोडलेली नाही. फाइल आहे, पण तो विचारतो तेव्हा नाही. आयडब्ल्यूएलवायफाय परत एम करा, मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल चालवा, विषय संपला. रूट आल्यावर युडेव्ह (यंत्रांसाठी मॉड्यूलं लोड करणारा प्रोग्रॅम) त्याला उठवेल.

पोटातच हवं असेल तर कॉन्फिग_एक्स्ट्रा_फर्मवेअरमध्ये फाइलचं नाव देऊन ती कर्नलमध्ये शिवता येते. पण बऱ्याच डिस्ट्रो हल्ली फर्मवेअर झेडएसटीमध्ये दाबून ठेवतात. शिवायची तर फाइल आधी उघडून, मूळ नावाने ठेवावी लागते. मॉड्यूलवाल्या मार्गातही एक बघा: कॉन्फिग_एफडब्ल्यू_लोडर_कॉम्प्रेस_झेडएसटीडी चालू हवं. छाटणीत ते उडालं असेल तर डोळ्यासमोर फाइल असून पुन्हा तोच -२ येईल. ही सोय ५.१९ मध्ये आली, एक्सझेडची ५.३ मध्ये. इतका जुना कर्नल तुम्हाला लागणार नाही म्हणा.

जुना_मेकफाईल

यूयूआयडीचं. ब्लॉकआयडी चालवलंत की दोन वेगळे आकडे दिसतात, यूयूआयडी आणि पार्टयूयूआयडी. पहिला फाइलसिस्टिमच्या आत लिहिलेला असतो, दुसरा पार्टिशन टेबलमध्ये. कर्नल स्वतः फाइलसिस्टिमच्या पोटात डोकावून यूयूआयडी वाचत नाही. ते काम इनिटरामएफएसमधले प्रोग्रॅम करतात, आणि तुम्ही तर त्यालाच काढून टाकलंत. पार्टिशन टेबल मात्र कर्नल वाचतोच, म्हणून रूट=पार्टयूयूआयडी चालतं. तेच द्या. एनव्हीएमई०एन१पी२ वर विसंबू नका, दुसरी एसएसडी लागली की आकडे अदलाबदल होऊ शकतात. रूटवेटही राहू द्या. फक्त लक्षात असू द्या की रूटवेट असताना नाव चुकलं तर पॅनिक येत नाही, मशीन नुसतं वाट बघत बसतं.

हे कुठे लिहिलंय असं विचाराल म्हणून आधीच सांगतो. कर्नल-पॅरामीटर्स.टीएक्सटी या अधिकृत फाइलीत रूट= च्या नोंदीत लिहिलंय की तपशिलासाठी ब्लॉक/अर्ली-लुकअप.सी मधल्या फंक्शनवरची टिप्पणी बघा. म्हणजे कागदपत्रच तुम्हाला सी फाइलीत पाठवतं. तिथली टिप्पणी उत्तम आहे, स्वीकारली जाणारी सगळी रूपं तिथे दिलीत. मला विचाराल तर ती टिप्पणी उचलून कागदपत्रात टाकायला हवी, पण टिप्पणी निदान कोडच्या शेजारी राहते आणि कोडबरोबर बदलते. वेगळ्या पानावर गेली की ती शिळी व्हायला किती वेळ लागतो, हे बाहेरच्या मार्गदर्शिका वाचून तुम्हाला कळलंच असेल. त्यातल्या कितीतरी ठिकाणी अजून इनिट/डू_माउंट्स.सी चा पत्ता असतो. तो कोड ६.५ मध्ये तिथून हलला.

टचपॅडबद्दल आधी एक सांगा. छाटणी केली म्हणालात, ती पिनकंट्रोलच्या (चिपच्या पिना सांभाळणारे ड्रायव्हर) मेनूत केलीत का?

अर्धवट_बूट

हो. तिथे टायगर लेक चालू होतं आणि अल्डर लेक बंद. माझा प्रोसेसर अल्डर लेक आहे, म्हणून टायगर लेक काढून अल्डर लेक वाय केलं. दोघांचा मदत-मजकूर चिपसंचाचं नाव सोडलं तर सारखाच: अमुक लेकच्या पीसीएचच्या पिना जुळवण्यासाठी आणि त्या जीपीआयओ (सर्वसाधारण कामाच्या पिना) म्हणून वापरण्यासाठी. टचपॅडचा उल्लेख कुठेच नाही.

पण पिनांचा आणि टचपॅडचा संबंध काय?

गिट_ग्रेप

इथे मी येतो, कारण हा विषय माझ्या आवडीचा आहे.

हल्लीच्या लॅपटॉपचा टचपॅड बहुतेकदा आयटूसी (छोट्या चिपा जोडायची साधी बस) बसवर असतो. बोट हललं हे तो कर्नलला कसं कळवतो? एका जीपीआयओ पिनवर इंटरप्ट देऊन. कोणती पिन, हे एसीपीआयच्या तक्त्यात लिहिलेलं असतं. ती पिन ज्या कंट्रोलरवर आहे त्याचा ड्रायव्हर म्हणजे पिनकंट्रोल. तो हजर नसेल तर आयटूसी-एचआयडीला (टचपॅडचा ड्रायव्हर) इंटरप्ट मिळत नाही. तेव्हा ड्रायव्हर 'बिघडलं' असं म्हणत नाही, 'नंतर बघू' म्हणतो. याला डिफर्ड प्रोब म्हणतात. ज्याची वाट बघतोय तो आलाच नाही तर हे 'नंतर' कधी उजाडत नाही.

खात्री करून घ्यायची तर डीबगएफएस माउंट करा आणि /सिस/कर्नल/डीबग/डिव्हाइसेस_डिफर्ड ही फाइल वाचा. आयटूसी ने सुरू होणारं एक यंत्र त्यात अडकलेलं दिसेल. डीमेसेजमध्येही 'डिफर्ड प्रोब पेंडिंग' अशी ओळ असायला हवी. तिच्यात टचपॅड हा शब्द नसतो, यंत्राचा एसीपीआय आयडी असतो, म्हणून तुमच्या शोधात ती आली नाही.

आता टायगर आणि अल्डर. /सिस/बस/एसीपीआय/डिव्हाइसेस या फोल्डरची यादी काढा. माझा अंदाज, तिथे आयएनटीसी१०५५ नावाचं यंत्र असेल. मग कर्नलच्या सोर्समध्ये ड्रायव्हर्स/पिनकंट्रोल/इंटेल या फोल्डरमध्ये आयएनटीसी१०५५ ग्रेप करा आणि कोणती फाइल येते ते इथे लिहा. मी सांगितलं तर मजा जाईल.

अर्धवट_बूट

आयएनटीसी१०५५:०० आहे. ग्रेपने पिनकंट्रोल-टायगरलेक.सी दाखवली. अल्डरलेकच्या फाइलीत हा आयडी नाहीच!

डिव्हाइसेस_डिफर्डमध्ये आयटूसीची एक ओळ आहे, तुम्ही म्हणालात तशी.

गिट_ग्रेप

घर एकाचं, पाटी दुसऱ्याची. अल्डर लेक-पी हा लॅपटॉपचा प्रकार जीपीआयओच्या बाबतीत टायगर लेकच्या एलपी प्रकारासारखाच आहे, म्हणून त्याच ड्रायव्हरने भागवलं. अल्डर लेक नावाचा ड्रायव्हर डेस्कटॉपच्या एस आणि छोट्या एन प्रकारांसाठी आहे. ड्रायव्हरला नाव मिळतं ते तो लिहिला गेला तेव्हाच्या चिपवरून. पुढच्या पिढ्या त्यात नुसता आयडी जोडून घेतात, नाव कोणी बदलत नाही.

टायगर लेक वाय करा, अल्डर लेक काढा. सोबत एवढं तपासा: कॉन्फिग_आयटूसी_एचआयडी_एसीपीआय, कॉन्फिग_आयटूसी_डिझाइनवेअर_प्लॅटफॉर्म, कॉन्फिग_एमएफडी_इंटेल_एलपीएसएस_पीसीआय, कॉन्फिग_एचआयडी_मल्टिटच. या साखळीतली कोणतीही कडी तुटली तर टचपॅड जातो, आणि प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे जातो.

अलीकडच्या सोर्समध्ये या मदत-मजकुरांत ड्रायव्हर कोणकोणत्या प्लॅटफॉर्मना लागतो त्याची यादी घातली गेली आहे, त्यात अल्डर लेकचे पी वगैरे प्रकार टायगर लेकखाली येतात. कोणीतरी बसून हे काम केलं, बरं वाटलं. तुमच्याकडच्या ६.१२ ला त्याचा उपयोग नाही.

रात्रपाळी

हे सगळं करण्यापेक्षा याच मॉडेलचं कोणाचं तरी तयार कॉन्फिग उचललं तर?

जुना_मेकफाईल

चालेल, जर त्याचं वायफाय कार्ड, त्याची फर्मवेअर सेटिंग आणि त्याची कर्नल आवृत्ती तुमच्यासारखीच असेल तर. एकाच मॉडेलच्या नावाखाली दोन वेगळ्या कंपन्यांची वायफाय कार्डं असतात, त्याने व्हीएमडी बंद केलेलं असू शकतं. आणि कॉन्फिगमध्ये हाताने एक ओळ वाढवली, पण तिचं अवलंबित्व पूर्ण नसलं, तर मेक ओल्डडेफकॉन्फिग (जुनं कॉन्फिग घेऊन नव्या पर्यायांना डीफॉल्ट देणारा) ती ओळ काही न बोलता पुसून टाकतो. परक्या कॉन्फिगमधलं काय टिकलं हे शेवटी तपासावंच लागतं. स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये डिफकॉन्फिग आहे, आधीचं आणि नंतरचं कॉन्फिग त्याला द्या, फरक दाखवेल. मी प्रत्येक ओल्डडेफकॉन्फिगनंतर तो चालवतो, सवयच आहे.

लोकलमॉडकॉन्फिगबद्दल एक राहिलं. ते त्या क्षणी लोड असलेली मॉड्यूलंच राखतं. पेन ड्राइव्ह, यूएसबी नेटवर्क अडॅप्टर, ब्लूटूथ हेडफोन, जे लागणार आहे ते आधी जोडून घ्या आणि मग चालवा. नाहीतर बायसेक्टच्या मध्यावर पेन ड्राइव्ह लावाल आणि तो उघडणार नाही.

अर्धवट_बूट

टचपॅड जिवंत! वायफायही आलं, एम केल्यावर. रूट=पार्टयूयूआयडी चालतंय. झोपवून उठवलं तर स्पीकर मुके, म्हणजे मूळ दुखणंही शाबूत आहे, जे हवंच होतं.

व्हीएमडीच्या मदत-मजकुरात 'लॅपटॉपमधली एनव्हीएमई एसएसडी याच्या आड असू शकते, एलएसपीसीआयमध्ये डोमेन १०००० दिसतंय का बघा' अशी भर घालायची असेल तर ती कागदपत्रांच्या मेलिंग लिस्टला पाठवायची का?

गिट_ग्रेप

नाही. मदत-मजकूर केकॉन्फिग फाइलीत असतो आणि ती फाइल त्या उपव्यवस्थेची. बदल करून पॅच बनवा, त्यावर स्क्रिप्ट्स/गेट_मेंटेनर.पीएल चालवा, कोणाला आणि कुठल्या यादीला पाठवायचं ते तोच सांगेल. व्हीएमडीसाठी पीसीआयची यादी येईल. चेकपॅच.पीएलही चालवा. साइन्ड-ऑफ-बाय विसरू नका, त्याशिवाय पॅच घेत नाहीत. पॅचच्या वर्णनात तुमचा हा प्रसंग दोन ओळींत लिहा: काय दिसलं, काय अपेक्षित होतं. नुसतं 'मजकूर सुधारला' लिहिलंत तर कोणी ढुंकून बघणार नाही.

आणि 'खात्री नसेल तर एन' हे वाक्य काढायला जाऊ नका. वाद त्यावरच रंगेल आणि तुमची भर बाजूला पडेल.

जुना_मेकफाईल

बायसेक्ट सुरू करण्याआधी हे करा, नाहीतर आठव्या फेरीला इथेच परत याल.

आत्ताचं चालणारं कॉन्फिग सोर्सच्या बाहेर मूळ.कॉन्फिग म्हणून ठेवा. प्रत्येक फेरीत तेच कॉपी करून मगच ओल्डडेफकॉन्फिग चालवा. आधीच्या फेरीत उरलेलं कॉन्फिग पुढे ओढू नका. कारण बायसेक्ट तुम्हाला कधी मागे नेतं, कधी पुढे. मागच्या सोर्सला जे पर्याय माहीत नाहीत ते तिथे गळून जातात, आणि पुढे आल्यावर ते तुमच्या निवडीने परत येत नाहीत, डीफॉल्टने येतात. त्यानंतर बिल्ड करण्याआधी व्हीएमडी, एनव्हीएमई, एक्स्ट४ आणि टायगर लेक, चौघेही वाय आहेत का हे ग्रेप करून बघा. चारापैकी एक जरी नसला तर बिल्डमध्ये वेळ घालवू नका.

फेरी बूटच झाली नाही तर तिला बॅड म्हणू नका, गिट बायसेक्ट स्किप म्हणा. तुम्ही स्पीकर शोधताय, बूट नाही. बॅड म्हटलंत तर उरलेल्या सगळ्या फेऱ्या चुकीच्या दिशेला जातील.

आणि कॉन्फिग_लोकलव्हर्जन_ऑटो चालू असेल तर प्रत्येक फेरीचं मॉड्यूल फोल्डर लिब/मॉड्यूल्समध्ये वेगळं साठत जातं. वायफाय एम केलंत म्हणजे ते फोल्डर लागणारच, पण मागच्या फेऱ्यांची काढत चला. ईएफआय पार्टिशनवरच्या जुन्या कर्नल फाइलीही काढा, ते पार्टिशन लहान असतं आणि भरलं की कॉपी अर्धवट होते. डिस्ट्रोच्या कर्नलला मात्र हात लावू नका.

ध्वनीच्या ड्रायव्हरपर्यंत पोचलात की कमिटचा क्रमांक इथे टाका. ६.१२ वर तो कमिट उलटवून स्पीकर उठतात का, तेही सांगा.